प्रदूषणाच्या आकड्यात पाणी किती?

दिवाळी सरली की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हवेच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. एकाच चौकातली हवा, पण एका ॲपवर ९० आणि दुसऱ्यावर २१०. मग कुणी म्हणतं सरकार आकडे दाबतंय, कुणी म्हणतं एअर प्युरिफायरवाल्यांना आपल्याला घाबरवायचंच आहे. त्या भांडणात मला पडायचं नाही. पण या तफावतीमागे एक असा पदार्थ आहे ज्याच्यावर कुणी संशयच घेत नाही, तो म्हणजे हवेतला ओलावा.

आधी मोजपट्टीचा घोळ बाजूला काढू

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे हवेतले कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. एका घनमीटर हवेत हे कण किती मायक्रोग्रॅम भरतात, ते मोजतात. एक्यूआय, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, हा त्या वजनावरून दिलेला गुण, आणि गुण देण्याची प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम आली तर आपल्याकडच्या, २०१५ पासून चालू असलेल्या पद्धतीत १०० गुण होतात, म्हणजे हवा अजून ‘समाधानकारक’ गटात. अमेरिकन पद्धतीत त्याच हवेला १५० च्या वर गुण मिळतात. बरीच परदेशी ॲप अमेरिकन पट्टी लावतात. त्यामुळे भांडायचंच असेल तर एक्यूआय सोडून मायक्रोग्रॅमवर भांडावं. पुढे हवेचे जे आकडे येतील ते मायक्रोग्रॅमचेच.

पट्टी एक केली तरी पहाटेची तफावत काही जात नाही. दुपारी बाल्कनीत लावलेला हवा मोजणारा छोटा डबा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं केंद्र साधारण हातात हात घालून चालतात, आणि पहाटे धुकं उतरलं की डबा एकदम उसळी मारतो. ही उसळी कुठून येते?

मिठाला पाणी सुटतं, तसं कणालाही

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं. शुद्ध मिठाचा खडा सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडा राहतो. ती रेघ ओलांडली की तो हवेतलं पाणी ओढतो आणि स्वतःच त्यात विरघळून थेंब होतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते प्रमाण.

हवेतल्या सूक्ष्म कणांतले बरेचसे कण असेच क्षारांचे असतात. किनाऱ्यावर समुद्राचं मीठ असतंच. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड निघतो, शेतातल्या खतांतून आणि गोठ्यांतून अमोनिया येतो, आणि दोघांची गाठ पडून अमोनियम सल्फेट तयार होतं. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड त्याच वाटेने अमोनियम नायट्रेट होतात. सल्फेटला साधारण ८० टक्के आर्द्रतेला पाणी सुटतं, नायट्रेटला ६० च्या थोडं वर. उलट डिझेलची ताजी काजळी आणि रस्त्यावरची माती पाण्याला फारशी विचारत नाहीत. लाकूड, पाचट जाळल्यावर येणारा धूर या दोहोंच्या मधला.

यात एक खोच आहे. सल्फेटचा कण ८० टक्क्यांना विरघळतो, पण हवा पुन्हा सुकायला लागली की तो ८० ला लगेच कोरडा होत नाही. आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत तो थेंबच राहतो. म्हणजे दुपारी ६० टक्के आर्द्रता असताना कण कोरडा आहे की ओला, हे त्या दिवसाची पहाट कशी होती त्यावर ठरतं. मुंबईत आर्द्रता ३५ पर्यंत उतरण्याचे दिवस थोडेच. तिथले क्षारांचे कण एकदा भिजले की पुष्कळदा भिजलेलेच फिरतात.

खरी गंमत ८० टक्क्यांनंतर

आर्द्रता ५० वरून ६० झाली काय आणि ८५ वरून ९५ झाली काय, दोन्हीकडे फरक दहाचाच. कणाला मात्र तो सारखा नसतो. विरघळलेला कण वेगवेगळ्या आर्द्रतेला एकमेकांच्या तुलनेत किती पाणी धरून ठेवतो, हे ठोकळमानाने एका साध्या भागाकाराने सांगता येतं: आर्द्रतेच्या टक्क्यांना, शंभराला जेवढे कमी पडतात तेवढ्याने भागायचं. ५० टक्क्यांना ५० भागिले ५०, म्हणजे १. ८० टक्क्यांना ८० भागिले २०, म्हणजे ४. ९० ला ९. ९५ ला १९. आणि ९९ ला थेट ९९. शेवटच्या काही टक्क्यांत कण असा फुगतो की मूळ कण त्या थेंबात शोधायला लागावा.

अमोनियम सल्फेटचा एक कोरडा कण ९० टक्के आर्द्रतेला व्यासाने सुमारे १.७ पट होतो. हे वाचायला किरकोळ वाटतं. पण आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं: १.७ गुणिले १.७ गुणिले १.७, म्हणजे जवळजवळ पाचपट. त्यातला एक हिस्सा सल्फेट, उरलेलं सगळं पाणी.

बरं, ही आर्द्रता वाढायला हवेत नवी वाफ यावीच लागते असंही नाही. गार हवेत वाफ कमी मावते. दुपारी ३० अंशांना ४५ टक्के आर्द्रतेची पुण्यातली हवा रात्री २० अंशांवर आली, की पाण्याचा एक थेंबही न मिळवता तिची आर्द्रता ८० च्या वर जाते. थंडीत दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असणाऱ्या गावांत हे रोज घडतं.

तोलणारं यंत्र आणि पाहणारं यंत्र

सोयाबीन बाजार समितीत नेलं की व्यापारी आधी ओलावा बघतो. हमीभावाच्या खरेदीचा नियम १२ टक्के ओलाव्याचा. त्याहून जास्त भरला तर वाद आलाच. दाणा पूर्ण सुकवून आणा, असं कुणी म्हणत नाही. पण ओलाव्याची एक रेघ सगळ्यांनी मान्य केलेली असते, म्हणून लातूरचा माल आणि अकोल्याचा माल एकाच काट्यावर ठेवता येतो. हवेतल्या कणांचं अधिकृत वजन करतानाही अशीच रेघ आखलेली असते.

मूळ पद्धत आहे गाळण्याची. एका पातळ गोल फिल्टरमधून दिवसभर हवा ओढायची आणि आधीच्या-नंतरच्या वजनातला फरक काढायचा. अमेरिकेच्या प्रमाणित पद्धतीत मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतात, २४ तासांत ती होते २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असेल तर अख्ख्या दिवसाची कमाई भरते जेमतेम दीड मिलिग्रॅम. मायक्रोग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू लागतो तो यासाठी. आणि तोलण्याआधी तो फिल्टर २० ते २३ अंश तापमानाला, ३० ते ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत निदान २४ तास ठेवावा लागतो. युरोपात ही आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठरवलेली आहे. म्हणजे ‘कोरडं वजन’ हाही एक करारच, आणि दोन्हीकडचा करार अगदी एक नाही.

आपल्याकडच्या स्वयंचलित केंद्रांवर बहुतेक ठिकाणी बीटा किरणांची यंत्रं आहेत. कागदी पट्टीवर कण जमतात, पट्टीतून बीटा किरण सोडतात, आणि किरण जेवढे अडले त्यावरून वजन काढतात. पाणी साचलं तर तेही किरण अडवणार. म्हणून आत येणाऱ्या नळीला हीटर लावलेला असतो. हवा थोडी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घसरते आणि कणांचं पाणी उडून जातं. आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास आणायची, असं अशा हीटरचं गणित असतं.

आता बाल्कनीतला डबा. चार-पाच हजारांचा असो की पंधरा हजारांचा, आतला ऐवज बहुधा तोच: एक इवलासा पंखा, एक लेसर आणि प्रकाश टिपणारा एक तुकडा. कण लेसरसमोरून गेला की प्रकाश विखुरतो. किती विखुरला यावरून यंत्र कणाचा आकार ठरवतं, आणि मनाशी धरलेल्या घनतेने गुणून वजन सांगतं. हा डबा काहीच तोलत नाही, तो नुसता पाहतो. हीटर त्याला बहुधा नसतोच. फुगलेला कण त्याला मोठा कण दिसतो, आणि मोठा म्हणजे जड, एवढंच त्याला शिकवलेलं असतं.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असा एक डबा आहे. कुकरची शिट्टी झाली आणि वाफेचा झोत तिकडे वळला की आकडा चढतो, आणि खिडकी उघडी असेल तर बघता बघता उतरतो. तेलात मोहरी-मिरची पडली तरी चढतो, पण तो काही लगेच उतरत नाही. पहिल्या वेळी डब्याने पाणी मोजलं, दुसऱ्या वेळी खरोखरीचे कण. स्क्रीनवर दोन्ही एकाच लाल रंगात दिसतात. (घरात बाष्प सोडणारं अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर असेल तर प्रकरण आणखी मजेचं. त्याचे तुषार सुकल्यावर जड पाण्यातले क्षार हवेत राहतात, आणि ते कण अगदी खरे असतात. बोअरचं पाणी त्यात घालू नका.)

आपले डोळेही पाहणारंच यंत्र आहेत. पहाटे समोरची इमारत धूसर दिसते, दुपारी स्वच्छ; तेवढ्यात निम्मं प्रदूषण कुठे गेलं असं नव्हे, कणांचं बरंचसं पाणी गेलं.

मग थंडीतलं प्रदूषण हा भास म्हणायचा?

इथवर वाचून कुणी खुशाल म्हणेल, ‘म्हणजे हे सगळं धुकंच, उगाच बोंब.’ तसं अजिबात नाही. हीटर लावलेली यंत्रं कणांतलं पाणी काढूनच मोजतात, आणि थंडीत तीही चढे आकडे दाखवतात. ज्या रात्रीत हवा गारठून आर्द्रता वाढते, त्याच रात्रीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडली जाते. धूर वर जाऊ शकत नाही, साठत राहतो. खरी वाढ आणि फुगवलेली वाढ एकाच वेळी येतात, म्हणूनच नुसत्या डब्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

शिवाय ओलावा खरं वजनही वाढवतो. थेंबात सल्फर डायऑक्साइड विरघळतो आणि तिथल्या तिथे त्याचं सल्फेट होतं. थेंब सुकला तरी ते सल्फेट मागे राहतं, आणि काट्यावर ते खरंच भरतं. डिसेंबर १९५२ मधल्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यात कोळशाचा धूर आणि धुक्याचे थेंब मिळून आम्लयुक्त कण तयार झाले, ते याच वाटेने. दिल्लीच्या बाबतीत २०२१ साली आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात आणखी एक दुवा हाती लागला. प्लास्टिक असलेला कचरा जाळणं आणि काही उद्योग यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, अमोनियाशी जुळून तिचा क्लोराइड क्षार होतो, तो भरपूर पाणी ओढतो आणि दिल्लीचं धुकं दाट करायला हातभार लावतो. म्हणजे कचऱ्याच्या ढिगाला लावलेली काडी विमानांच्या वेळापत्रकापर्यंत पोचते. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास करते आहे, त्यातही हे क्षार हा मोठाच विषय आहे.

‘आपण श्वासात ओलीच हवा घेतो की!’

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो वरवर बिनतोड आहे. फुप्फुसात जाणारा कण भिजलेला असेल तर त्याला सुकवून तोलण्यात काय अर्थ?

याला दोन उत्तरं. एक, श्वासनलिकेतली आर्द्रता ९९ टक्क्यांच्याही वर असते. क्षाराचा कण कोरडा आत शिरला तरी आत जाता जाता फुगतोच. बाहेर तो किती भिजला होता यापेक्षा त्याच्या पोटात काय होतं, हे शरीराला जास्त महत्त्वाचं. दुसरं, आरोग्याच्या मर्यादा मुख्यत्वे या सुकवून केलेल्या वजनांशी ताडून ठरल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची १५ मायक्रोग्रॅमची शिफारस घ्या किंवा भारताची २००९ ची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा घ्या. त्यांच्याशी तुलना करायची तर त्याच पद्धतीने मोजलेला आकडा हवा. थेंबाचा आकार तो नाकात अडकेल की खोल जाईल यावर परिणाम करतो, हे खरं. पण त्यातल्या पाण्याने कुणाला दमा होत नाही.

आणि पावसाळा?

सगळ्यात दमट ऋतू पावसाळा, मग तेव्हा हवा चांगली कशी? कारण फुगायला कणच कमी उरतात. पाऊस हवा धुतो, आणि अरबी समुद्रावरून येणारा वारा शहराचा धूर साठू देत नाही. १० मायक्रोग्रॅमचे दुप्पट झाले तरी २०, त्याचा कुणी स्क्रीनशॉट काढत नाही.

तापवलं की सगळं ठीक होतं का?

नाही. पाणी उडवायला हवा तापवावी, तर अमोनियम नायट्रेटसारखे हळवे क्षारही उडून जातात. त्यांचा पुन्हा अमोनिया आणि नायट्रिक आम्लाची वाफ होते. हवा ५० अंशांपर्यंत तापवणारी जुन्या धाटणीची यंत्रं थंडीत याच कारणाने कमी आकडा दाखवायची, म्हणून पुढे त्यांना उडालेल्या भागाचा हिशेब ठेवणारी जोड द्यावी लागली. थोडक्यात, स्वस्त डबा पहाटे जास्त सांगण्याची शक्यता आहे आणि तापवणारं महाग यंत्र थोडं कमी. दोन्हीकडे लबाडी शोधायची गरज नाही.

मग डब्याच्या आकड्यातून ओलावा वजा करता येईल का? येतो, पण बेताने. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली पर्पलएअर या जातीच्या डब्यांसाठी एक सूत्र दिलं: डब्याचा मूळ आकडा ०.५२४ ने गुणा, आर्द्रतेचे टक्के ०.०८६२ ने गुणून त्यातून वजा करा, मग ५.७५ मिळवा. डबा १२० म्हणत असेल आणि आर्द्रता ८५ असेल तर उत्तर येतं साधारण ६१. आर्द्रता ४० असती तर ६५. बघण्यासारखं हे की निम्म्याची काटछाट पहिल्या गुणाकारानेच होते. आर्द्रतेची दुरुस्ती त्यामानाने किरकोळ, आणि सरळ रेषेतली. आपण वर बघितलं की कण सरळ रेषेत फुगत नाही, ९० नंतर तो उधळतो. शिवाय ते सूत्र अमेरिकेतल्या हवेवर बसवलेलं. मुंबईच्या समुद्रमिठाला, दिल्लीच्या क्लोराइडला आणि पाचटाच्या धुराला एकच सूत्र लावणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. खरा उपाय कष्टाचा आहे: डबा काही महिने, निदान एक थंडी आणि एक पावसाळा, प्रमाणित यंत्राशेजारी ठेवायचा आणि त्या गावापुरतं सूत्र काढायचं. यातही एक मेख असते. डब्यातला आर्द्रतामापक डब्याच्याच उबेत बसलेला असतो, त्यामुळे तो बाहेरच्यापेक्षा कमी आर्द्रता दाखवतो.

घरच्या डब्याचा उपयोग नाही असं यातून कुणी काढू नये. दुपारच्या, ७० टक्क्यांखालच्या आर्द्रतेतल्या आकड्यांची आजची-कालची तुलना तो छान करतो. शेजारी कचरा पेटला तर मिनिटात सांगतो. दोन किलोमीटरवरच्या सरकारी केंद्राला ते कळणारही नाही. धुक्यातल्या पहाटे सहाच्या आकड्यावरून मात्र कुणाला धारेवर धरू नये.

धुळीच्या बाबतीत उलटी चूक

शहरात जागोजाग चाललेल्या बांधकामांची धूळ फुगत नाही, आणि तिचे बरेचसे कण अडीच मायक्रॉनहून मोठे असतात. छोट्या पंख्याच्या झुळकीने हे जड कण डब्यातल्या वळणावाटेने लेसरपर्यंत नीट पोचत नाहीत, आणि वजनाच्या मानाने ते प्रकाशही कमी विखुरतात. म्हणून पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण, हा आकडा स्वस्त डब्यावर बहुधा कमी येतो. पहाटे जास्त दाखवणारा डबाच दुपारी सिमेंट मिक्सरशेजारी कमी दाखवू शकतो.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ आटोक्यात ठेवण्यासाठी जे नियम काढले, त्यात बांधकामाच्या जागी सेन्सरवर चालणारी मोजणीयंत्रं बसवायला सांगितलं आहे. अशा जागेच्या फाटकावर पाटी लागलेली दिसली तर तीन गोष्टी विचाराव्यात: आकडा पीएम २.५ चा आहे की पीएम १० चा, यंत्राच्या नळीला हीटर आहे का, आणि ते शेवटचं कधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून तपासलं.